कुरणातला नवरदेव

फॉरेस्टात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न वाघाचा विचारतो आणि दुसरा सागाचा. वाघ मी पाहिलेला नाही. त्याची पावलं पाहिली, सातपुड्याच्या पायथ्याला बदली असताना, आणि तेवढ्यावरच मला घाम फुटला. साग मात्र पुष्कळ पाहिला, बहुतेक तुटल्यानंतर. माझी खरी नोकरी झाली ती गवतात. हे ऐकलं की लोकांचा चेहरा उतरतो. गवताला कसली राखण, असं तोंडावर म्हणत नाहीत इतकंच.

धुळ्याच्या बाजूला उघड्या माळावर सरकारी कुरणं आहेत. कुरण म्हणजे गवताचं राखीव रान. झाड म्हणाल तर एखादी बोर, एखादा हिवर. उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं तर इथं राखण्यासारखं काय आहे हा प्रश्न मलाही पडायचा. पण आषाढ सरता सरता तेच रान कमरेपर्यंत येतं, वारा सुटला की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलतं, आणि त्यात काय काय राहतं ते राहणाऱ्यालाच ठाऊक. ते गवत नवरात्रापर्यंत कोणी कापू नये, कोणी चारू नये, पेटवू नये, एवढं माझं काम. सोपं वाटतं. गावोगावच्या गुरांना ते वाटत नव्हतं.

आता मी जळगावात राहते. दारात रिक्षा मिळते, दवाखाना कोपऱ्यावर, मुलगा पुण्याहून रोज फोन करतो. कशाची म्हणून उणीव नाही. तरी श्रावण लागला की माझा पाय घरात ठरत नाही. गॅलरीत उभी राहून समोरच्या रिकाम्या प्लॉटवरच्या वीतभर गवताकडे बघत बसते. शेजारच्या बाईंना वाटतं माझं काही पडलंय. पडलंय खरं, पण तिथं नाही.

नोकरीत मी आले ती ह्यांच्या जागेवर. हे वनरक्षक होते. ताप आला, अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. मग मला ह्यांची जागा मिळाली. सरकारी भाषेत त्याला अनुकंपा म्हणतात. शब्द मोठा मायेचा आहे, पण ती माया मिळवायला चपला झिजवाव्या लागतात. खाकीचा मात्र एक फायदा झाला. गावात माझ्या कपाळाकडे आणि रिकाम्या हातांकडे बघणाऱ्या बायका खाकी बघून गप्प बसायला लागल्या. खाकीत सगळ्यांचेच हात रिकामे असतात.

पक्ष्यांकडे मी वळले ती आवडीनं नव्हे, तक्रारींमुळे. रानातला कोणताही जीव लोकांना त्रास देऊ लागला की तो आमच्या खात्याचा होतो. एरवी मोर देवाचा, पण शेंगा खाल्ल्या की तो फॉरेस्टचा. चोपड्याकडून एकदा असाच फोन आला. केळीचे मोठे बागायतदार. म्हणाले, "मॅडम, तुमचा मोर घेऊन जा." मी गेले. बंगल्यासमोर नवी कोरी काळी गाडी, आणि तिच्या दारावर सगळीकडे ओरखडे. मोर रोज सकाळी यायचा, चकचकीत दारात त्याला दुसरा मोर दिसायचा, आणि हा त्याच्यावर तुटून पडायचा. विणीचे दिवस होते. पिसारा पूर्ण भरलेला. अशा वेळी नराला आपल्या हद्दीत दुसरा नर खपत नाही, मग तो पत्र्यातला का असेना.

मी उपाय सांगितला, "आबा, गाडीवर गोधडी टाका. त्याला तो दिसला नाही की तो येणार नाही."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मग अहिराणीत म्हणाले, "झाकीच ठेवनी व्हती ते मी गाडी लिधी कसाले?"

मला हसू आवरेना. गाडी तर दोन पावलांवरच्या बागेत जायलाही ते काढत नव्हते. ती दारात उभी असायची, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावी म्हणून. मोराची आणि आबांची अडचण एकच होती, फक्त मोराला ती ठाऊक नव्हती. शेवटी गाडी घराच्या मागं गेली आणि दारात पुन्हा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरशी मोराचं भांडण नव्हतं.

दुसरी तक्रार धरणगावच्या बाजूची. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती, आणि त्यातली बरीचशी अर्धवट. शेतकऱ्याला वाटलं, पाखरं सोडून गेली, म्हणून तो काठीनं ती पाडत होता. मी त्याला थांबवलं. आपण सुगरण म्हणतो खरं, पण घरटं विणतो तो नर. तो अर्धंच विणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, आत शिरते, चोचीनं इकडं तिकडं ओढून बघते. पसंत पडलं तर तो पुढचं पुरं करतो. नाही पडलं तर ती निघून जाते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे सगळं मी त्या भाऊंना समजावत होते. त्यांची बायको बांधावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे घर दखीसन मंग हो म्हनस ती? आमले लगीनना आगोदर कोनी घर दखाडं व्हतं?"

भाऊंनी काठी खाली टाकली आणि विषय बदलला.

पुढं खात्याच्या एका प्रशिक्षणात मला हे सगळं नीट कळलं. पक्ष्यांत नटतो तो नर आणि निवडते ती मादी. आमच्याकडे पोह्यांची ताटली मुलीच्या हातात असते, तिकडं ती नराच्या हातात असते, एवढाच फरक. तुरा, पिसारा, गळ्याचा रंग, गाणं, नाच, हे सारं तिला दिसावं म्हणून. आणि हे फुकट होत नाही. एवढं ओझं मिरवत, कोल्ह्या-कुत्र्यांना चुकवत जो जगला त्याच्या अंगात काहीतरी पाणी असणार, असा तिचा अंदाज असावा, असं आम्हाला शिकवलं. असेल तसं. माझं मत विचाराल तर तिला ते नुसतं आवडतही असेल. आवडीला दर वेळी कारण कशाला हवं?

हे मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं होती. त्यातल्या एकात शाई नव्हती, हे मला लग्नानंतर कळलं. तरी मला ते त्या दोन पेनांसकट आवडले होते. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही, पण माझ्या नशिबानं घरच्यांनी परस्पर होकार कळवला. अजून बाजारात खिशाला पेन लावलेला कोणी दिसला की माझी नजर तिकडं जाते. ह्या वयात जाऊ नये, पण जाते.

आता भिकनबद्दल सांगते, कारण ही हकिगत खरी त्याची आहे.

भिकन कुरणावर रोजंदारीचा मजूर होता. जवळच्याच गावचा, पस्तिशी ओलांडलेला, उंचापुरा, दिसायला चांगला. साहेब आले की मला मॅडम म्हणायचा, साहेबांची जीप वळली की अक्का. त्याचं लग्न जमत नव्हतं. आता आमच्याकडे ही काही एकट्याची गोष्ट नाही. कोरडवाहू शेत, गावात घर, आणि कायम नोकरी नाही, असल्या मुलाचा बायोडाटा लोक उघडूनही बघत नाहीत. मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. शेतात राबणारी आई त्यांनी पाहिलेली असते. त्यांनी निवडायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच आहे. पण ज्याला निवडत नाहीत तो माझ्याशेजारी बसून भाकरी खात होता.

त्याचे वडील, नाना, मला अधूनमधून फोन करायचे. "मॅडम, तुम्ही सांगा ना त्या लोकेसले, पोऱ्या फॉरेस्टमा शे." मी सांगायचे. मग पलीकडून प्रश्न यायचा, "कायम शे का?" ह्या प्रश्नाला मी काय बोलणार? मी गप्प झाले की ते लोक ओळखायचे.

एका उन्हाळ्यात नानांनी त्याला जळगावच्या वधूवर मेळाव्यात नाव नोंदवायला लावलं आणि मला सोबत जा म्हणाले, खाकीची बाई बरोबर असली तर वजन पडेल म्हणून. भिकननं चुलतभावाचा कोट घातला होता. खांद्यात तो घट्ट होत होता, म्हणून दोन्ही हात त्यानं अंगापासून जरा लांब धरले होते. बोटात नानांची अंगठी, खिशाला गॉगल. स्टेजवर मुलांची रांग गेली होती दारापर्यंत. मुली समोरच्या खुर्च्यांवर, आयांच्या मध्ये, मोजक्याच. एकेक मुलगा माइकवर यायचा, नाव, गाव, शिक्षण, शेती, पगार, अपेक्षा सांगायचा आणि उतरायचा. कोणी इंग्रजीत बोलला, एकानं गाणंही म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर धरणगावची विहीर आली, आणि मला माझाच राग आला.

भिकनची पाळी आली. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं. काम काय करता, असं माइकवाल्यानं विचारलं.

"गवत राखस," भिकन म्हणाला.

सभागृहात हशा पिकला. माइकवाला बरा माणूस होता. म्हणाला, "गवत राखता म्हणजे नेमकं काय करता?" मग भिकनला जोर चढला. नवरात्रापर्यंत कोणाला आत येऊ देत नाही, तिथं तणमोर येतो, तो कसा उडी मारतो, हे तो हात वर करून सांगायला लागला. कोट शिवणीत उसवल्याचा आवाज मागच्या रांगेतल्या मलाही ऐकू आला. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. समोरच्या मुली मोबाइलमध्ये बघत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही, त्यामुळे त्या हसल्याही नाहीत.

परतताना एसटीत त्यानं कोट काढून त्याची नीट घडी केली. मग म्हणाला, "अक्का, त्या बठ्ठ्या मोबाइलमा दखी ऱ्हायन्या व्हत्यात. मी कोठे उडी मारू?"

तणमोर म्हणजे काय ते सांगायला हवं. गवतात राहणारा, कोंबडीएवढा पण उंच मानेचा आणि लांब पायांचा पक्षी. वर्षभर तो मातकट असतो, दिसता दिसत नाही. पावसाळ्यात मात्र नर काळाभोर होतो, पंखांवर पांढरं येतं, आणि कानामागून तारेसारखी बारीक पिसं फुटतात. टोकाला ती जराशी चपटी असतात आणि वर वळलेली. नवरदेवाला मुंडावळ्या बांधाव्यात तसा तो दिसतो. पण कमरेएवढ्या गवतात हे कोणाला दिसणार? म्हणून तो उडी मारतो. सरळ वर, माणसाच्या डोक्याइतका. वर गेल्यावर पंख झटकतो, सुपात दाणे पाखडल्यासारखा टर्र आवाज होतो, आणि तो पुन्हा गवतात दिसेनासा होतो. जरा वेळानं परत. सकाळभर, संध्याकाळभर, दिवसामागून दिवस. कुठूनतरी एखादी मादी जात असेल, तिची मान वळेल, ह्या आशेवर. पावसाळा सरला की ती पिसं गळतात, काळा रंग उतरतो, आणि नर पुन्हा मातकट होऊन निघून जातो. कुठं जातो ते मला कोणी सांगू शकलं नाही.

हा पक्षी आता फार थोडा उरला आहे. आमच्या कुरणात काही वर्षं लागोपाठ एक नर येत होता. एकटाच. तोच की दुसरा, हे सांगता येत नाही, पण भिकन म्हणायचा, तोच शे. मादी आम्ही कधी पाहिली नव्हती. मी निवृत्त होणार होते त्याच्या आधीचा तो शेवटचा पावसाळा. नर आला, उड्या सुरू झाल्या, आणि मला एकच वाटत होतं, मी असेपर्यंत एकदा तरी मादीनं यावं. साहेबांना कळवायला नव्हे. मला बघायचं होतं.

श्रावणात कानबाईचा, आमच्या खानदेशातल्या देवीचा, सण आला. आमच्याकडे कानबाईला माणूस कुठंही असो, घरी नैवेद्याचा रोट खायला जातोच. भिकन गावी गेला, सण करून परत आला. आणि त्यानंतर तणमोराची उडी बंद झाली.

आधी मला वाटलं, पावसानं उघडीप दिली म्हणून असेल. मग मनात नाही नाही ते यायला लागलं. कुत्री मोकाट असतात, कोणी फास लावला असेल. मी भिकनला विचारलं तर तो म्हणाला, "ऱ्हाई तठेच," आणि बांधाची कुंपणं बघायला निघून गेला. एरवी तो तणमोराविषयी बोलायला लागला की थांबत नसे. शेवटी एका दुपारी मी त्याला घेऊन हिवराखाली जाऊन बसले आणि दुर्बीण लावली.

नर होता. धडधाकट होता. त्याच्या नेहमीच्या जागी, गवत जरा विरळ आहे तिथं, मुकाट उभा होता. आणि त्याच्याशेजारी मादी होती.

मातकट रंग, वर काढलेली मान, सगळं बरोबर. मी भिकनचा हात दाबला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला. नर तिच्याभोवती हळूच फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. ती लाजल्यासारखी एकाच जागी उभी. साहेबांना फोन करावा म्हणून मी खिशात हात घातला, तेवढ्यात सर आली. नर गवतात शिरला. ती शिरली नाही. पाऊस वाढला, ती उभीच. मग तिची मान हळूहळू पुढं झुकली, आणखी झुकली, आणि गळून खाली पडली.

मी दुर्बीण काढून भिकनकडं पाहिलं. तो आभाळाकडं बघत होता.

"हाई काय शे रे?"

"मादी शे, अक्का."

"कोनी बनाडी?"

"मी. कानबाईले घर गयथू ना, तव्हय." मग एका दमात सगळं बाहेर आलं. पोळ्याचे बैल करायची माती घरात भिजवून ठेवलेली होती. मीच त्याला मोबाइलवर पाठवलेला, प्रशिक्षणातला फोटो बघून त्यानं मादी केली, वरून गेरू आणि राख लावली, आणि सकाळी नर चरायला गेलेला बघून तिथं ठेवून दिली. "तो सकायपाईन उड्या मारी ऱ्हायना, कोनी दखाले येत नही. माले दखावे ना. म्हनीसन बसाडी दिधी. माले वाटनं, तेवढंच त्याले बरं वाटी."

माझा संताप झाला. "आरे, ती दखास म्हनीसन त्यानी उडी बंद करी टाकी! तिकडथीन खरी निंघी गयी, ते तिले काय दखाई?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचा चेहरा एकदम पडला. मातीचं ते धड भिजून ढेकूळ होत चाललं होतं. तो पावसात तसाच उठायला लागला, मी त्याला हाताला धरून बसवलं. नर गेल्याशिवाय तिकडं जायचं नव्हतं.

त्या दिवशी मी त्याला खूप बोलले. जे बोलले ते बरोबर होतं. पण घरी जाऊन कुलूप काढलं, दिवा लावला, आणि सवयीनं ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून दिवसभराचं सांगायला लागले, तेव्हा मधेच थांबले. रोज संध्याकाळी फोटोशी बोलणारी मी, मातीच्या मादीवर कोणत्या तोंडानं रागावणार? मला ह्यांची फार आठवण आली. ह्यांना भिकन आवडला असता. ते खो खो हसले असते आणि मग गप्प झाले असते.

भिकननं ती माती उचलून आणली. नर थोडे दिवस त्या जागी येऊन नुसताच उभा राहायचा, इकडं तिकडं मान वळवायचा. आम्हा दोघांनाही ते बघवत नव्हतं. भिकन तर त्या बाजूला पाठ करून भाकरी खायचा. मग एका सकाळी बांधावरून येताना मला टर्र असा आवाज आला, आणि गवतावर काळंपांढरं काहीतरी उसळून खाली गेलं. भिकन लांबून धावत आला.

पण दिवस हातातून चालले होते. पोळा झाला, गणपती उठले. गावातली माणसं कापणी कधी म्हणून विचारायला लागली. नराच्या कानामागची पिसं आता विरळ दिसत होती, छातीवरचा काळा रंग कुठं कुठं फाटल्यासारखा. उडी मात्र तो तशीच मारत होता. ह्या आठवड्यात नाही तर पुढच्या आठवड्यात तो थांबणार, मग निघून जाणार, आणि मी पुढच्या पावसाळ्यात जळगावच्या गॅलरीत असणार, हे मला ठाऊक होतं.

पुढचंही सांगून टाकते, म्हणजे कोणी विचारायला नको. त्यानंतर तो नर आला नाही. मी दर श्रावणात भिकनला फोन करते. तो अजून तिथंच आहे, अजून रोजंदारीवर, अजून एकटा. मी विचारते, "उना का रे?" तो म्हणतो, "नही उना, अक्का." मग तो गवताचं सांगतो, यंदा चांगलं आहे म्हणतो, आणि आम्ही फोन ठेवतो.

ती दुपार मात्र झाली. ऊन पडलं होतं, गवताची कुसळं पिवळी व्हायला लागली होती. आम्ही हिवराखाली बसलो होतो. पक्षी आसपास असला की कुरणात उभं राहायचं नाही, हा आमचा नियम. माणूस उभा दिसला की पाखरू बिथरतं. नरानं उडी मारली, खाली गेला. आणि त्याच्या डाव्या हाताला, बरंच लांब, गवत वाऱ्याविरुद्ध हललं.

भिकननंच आधी पाहिलं. तो बोलला नाही, त्यानं माझी दुर्बीण हातानं तिकडं वळवली. विरळ गवतातून एक मान वर आली. मातकट, बारीक, लांब. ह्या वेळी ती मान हलली. इकडं वळली, तिकडं वळली, आणि नराच्या दिशेला स्थिर झाली.

नरानं उडी मारली. मग लगेच पुन्हा. इतक्या घाईघाईनं उड्या मारताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. उरलीसुरली पिसं, फाटका काळा रंग, आणि ती टर्र टर्र. ती बघत उभी होती. किती वेळ ते सांगता येणार नाही, मला फार वेळ वाटला. माझ्या ओठांवर नकळत देवाचं नाव आलं. मग ती चालायला लागली. आधी त्याच्याकडं, थोडीशी. थांबली. पुन्हा मान वर करून पाहिलं. आणि मग वळली, आमच्या समोरून गवत कापत बांधापर्यंत गेली, बांध चढली, आणि पलीकडच्या बाजरीत उतरली.

आम्ही वाट बघितली. ती परत आली नाही. नर अजून उड्या मारतच होता.

"गयी रे," मी म्हणाले. "नापसंत."

"नही, अक्का." भिकनचा चेहरा मी वळून पाहिला. तो हसत होता. मी इतक्या वर्षांत त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. "दखाले ते उनी ना? कोठेन कोठे, पायी पायी उनी. उभी ऱ्हायनी. दखं तिनी त्यान्याकडे, धड दखं." मग पावसाचं सांगावं तितक्या सरळ आवाजात म्हणाला, "माले दखाले आजलगून कोनीच उनं नही."

एवढं बोलून तो उठला. हिवराच्या सावलीतून बाहेर गेला, आणि भर उन्हात, कमरेएवढ्या गवतात, ती गेली त्या दिशेला तोंड करून ताठ उभा राहिला.

मी त्याला खाली बस म्हणाले नाही.